शब्दचर्चा : 'दीर्घकालीन काळजी' म्हणजे नेमकं काय?
(प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मसुदा
ज्येष्ठ नागरिक संघासाठी चार पानी माहितीपत्रक मराठीत करायचं आहे. विषय : घरातल्या वृद्ध माणसाला रोजच्या कामांत मदत लागू लागली की काय ठरवायचं, कुणी ठरवायचं. 'लाँग टर्म केअर'ला 'दीर्घकालीन काळजी' लिहिलं, तर वाचकांनी अर्थ लावला 'फार दिवस लागून राहिलेली चिंता'. दुसरा शब्द सुचवा. 'केअरगिव्हर', म्हणजे ही काळजी घेणारं माणूस, त्यासाठीही.

पाणिनीय
शुश्रूषा. 'श्रु' धातूचं इच्छार्थक रूप : ऐकण्याची इच्छा, त्यावरून सेवा. आणि कृपया 'सुश्रूषा' छापू नका, 'सु' उपसर्गाचा इथे संबंध नाही.

ओटीपदर
शुश्रूषा आजाऱ्याची. गुडघ्यांमुळे न्हाणीघरात एकटं जाता येत नाही ती बाई आजारी नाही. 'देखभाल' लिफ्टची, 'निगा' केसांची आणि बागेची, 'संगोपन' मुलांचं. म्हाताऱ्या माणसासाठी घरात साधं क्रियापद आहे : करणं. 'सासूचं सगळं तिनेच केलं.' 'त्यांचं कोण करणार?' काय करणार ते सांगावं लागत नाही.

तेरेखोल
गोव्यात आणि तळकोकणात 'चाकरी'. आईची चाकरी केली म्हणजे हेच सगळं.

पाणिनीय
चाकरी फारसी. शिवाय त्यात मालक-नोकर येतो.

ओटीपदर
निगाही फारसीच, 'निगाह'वरून. उस्तवारही. फारसी गाळली तर दुखणाइताजवळ बसायला मराठीत फार थोडे शब्द उरतील.

रात्रपाळी
व्युत्पत्ती बाजूला ठेवून एक सांगते, कारण या शब्दांवरून घराघरांत भांडणं होतात. 'केअरगिव्हर'ला सगळे मावशी किंवा मामाच म्हणतात. घरचे ब्यूरोकडे, म्हणजे अशी माणसं पुरवणाऱ्या संस्थेकडे, 'काळजी घेणारी' मागतात, ब्यूरो 'सोबत' पाठवतो. सोबत म्हणजे शेजारी बसणं, गोळी हातात देणं, खाली चक्कर मारून आणणं. डायपर, अंग पुसणं, दर दोन तासांनी कूस बदलणं हे 'पेशंटचं काम', त्याचा दर वेगळा. नाकातली नळी, कॅथेटर बदलणं हे नर्सचं. आणि '24 तासांची मावशी' म्हणजे 24 तास जागी असलेली नव्हे. म्हातारं माणूस रात्री चार-पाच वेळा उठत असेल तर 12-12 तासांच्या दोन माणसांचा हिशेब धरा, नाहीतर पहिली बाई आठवड्यात सोडून जाते.

म्हणून पत्रकात शब्दाआधी कामं लिहा. सहा आहेत : अंघोळ, कपडे, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत बसणं, लघवी-शौचावरचा ताबा, जेवण. प्रत्येकापुढे वेळ. कुटुंबं दिवस मोजतात, रात्र विसरतात. आणि ज्याचं करायचं त्याला शेवटी विचारतात. अंघोळ कुणाच्या हातून चालेल हे आधी त्यालाच विचारा.

पलंगावरून उठवण्याचंच बघा. आधी कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मग बसतं करायचं. मिनिटभर तसंच बसू द्यायचं, एकदम उभं केलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते. बगलेत हात घालून ओढायचं नाही, खांदा दुखावतो. अर्धांगवायू असेल तर खुर्ची धडधाकट बाजूला. हे सगळं 'काळजी' या एका शब्दात कुणाला दिसणार?

पाणिनीय
मग 'परिचर्या', 'परिचारक'. स्वच्छ शब्द आहेत.

रात्रपाळी
परिचारिका म्हणजे नर्स. कागदावर ते लिहिलंत तर घरचे इन्शुलिनही तिच्याकडूनच अपेक्षितील.

दस्तलेखक
कायद्याचे शब्द तपासून वापरा. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यात मराठीत 'चरितार्थ' येतो. तो पैशांपुरता, महिना 10,000 रुपयांच्या मर्यादेत. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे. कूस बदलण्याचा त्यात हिशेब नाही. मुलाला घराचं बक्षीसपत्र करून देणाऱ्यांनी 'सांभाळ करील' ही अट दस्तातच घालावी. कलम 23 नुसार अट मोडल्यास हस्तांतरण रद्द करून घेता येतं. अट लिहिलेलीच नसेल तर सिद्ध करणं जड जातं. त्यामुळे माझं मत 'सांभाळ'ला.

ओटीपदर
सांभाळात जेवण आणि छप्पर आलं. संडासला नेणं आलं का? 'सांभाळ करतोय की' म्हणणारा मुलगा तेवढंच टाळतो.

दस्तलेखक
म्हणून अटीत कामं लिहावीत. 'योग्य सांभाळ' हे दोनच शब्द पुरे नाहीत.

तेरेखोल
आणि 'वृद्धाश्रम'चं काय करणार? निराधारांसाठी चालणारी संस्था आणि लाखांची अनामत घेणारा निवास, दोन्हींना एकच शब्द. पत्रकात त्यांचं वेगळेपण यायला हवं. अनामत किती परत मिळते आणि माणूस अंथरुणाला खिळला तर तिथेच ठेवतात का, हे दोन प्रश्न तरी छापा.

पाणिनीय
'आश्रम' शब्दाचा मूळ अर्थ पाहिला तर...

मसुदा
मूळ प्रश्न राहिलाच, पण तक्ता करते. सहा कामं उभी, आडवे तीन रकाने : 'स्वतः', 'हात लागतो', 'करावं लागतं'. चालेल?

ओटीपदर
तिसरा उत्तम.

तेरेखोल
'हात लागतो' वाचून कुणी 'चुकून स्पर्श होतो' असं समजेल. 'हात द्यावा लागतो' लिहा.

पाणिनीय
'साहाय्य लागते'. काना आहे, 'सहाय्य' नव्हे.