१६ इंची मिड-लेंग्थ एआर-१५ साठी हँडगार्ड रेल: कोणती घ्यावी?

टेक्सासकर
मंडळी, सल्ला हवा आहे. रायफल एआर-१५, ५.५६ मिमी, बॅरल १६ इंच, गॅस मिड-लेंग्थ (गॅस ट्यूब मध्यम लांबीची). सध्या मूळचं दोन तुकड्यांचं प्लास्टिक हँडगार्ड (बॅरलभोवतीचं, हात धरायचं आवरण) आणि पिन मारलेली ए२ फ्रंट साइट आहे. वापर दोन प्रकारचा: रेंजवर १०० ते ३०० यार्डांपर्यंत बायपॉडवरून नेमबाजी आणि शेतावर रात्री रानडुकरं. म्हणजे बायपॉड, स्लिंग आणि टॉर्च लागणार. पुढेमागे सप्रेसरही (आवाज कमी करणारी नळी) घ्यायचा आहे. बजेट सुट्या भागांसकट ३०० डॉलर. १३ इंच की १५? साहित्य जोडायला एम-लॉक (खाचांची पद्धत) की पिकाटिनी (दात्यांची पट्टी)? आणि हे काम घरी होतं का?

बॅरलनट
रेलच्या आधी गॅस ब्लॉकचा, म्हणजे बॅरलमधला गॅस ट्यूबमध्ये वळवणाऱ्या भागाचा, निर्णय घ्या. तुमची फ्रंट साइट हाच गॅस ब्लॉक आहे. ती जागेवर असेपर्यंत १३ किंवा १५ इंची सलग रेल तिच्यावरून जाणारच नाही. तेव्हा ती काढून लो-प्रोफाइल गॅस ब्लॉक लावायचा, किंवा साइट ठेवून तिच्या मागेच संपणारी, साधारण ९ इंचांची रेल घ्यायची. तुम्ही रात्री दुर्बीण वापरणार, त्यामुळे साइट काढलेली बरी. लांब रेलवर बायपॉड पुढे सरकतो आणि आधार जास्त स्थिर होतो.

गॅस ब्लॉक मागवण्यापूर्वी बॅरलचा व्यास कॅलिपरने मोजा. बहुतेक ठिकाणी तो ०.७५० इंच असतो, पण हलक्या पेन्सिल बॅरलवर ०.६२५ निघतो.

लांबीबद्दल: १६ इंची बॅरलवर १५ इंची रेल मझल डिव्हाइसच्या (बॅरलच्या तोंडावर बसवलेल्या भागाच्या) मुळापर्यंत येते. सप्रेसर साधारण दीड इंच किंवा त्याहून जाड असतात आणि सडपातळ रेलचा आतला व्यास १.३ इंचांच्या आसपास असतो. म्हणजे सप्रेसर रेलमध्ये शिरणार नाही, तिच्या तोंडावर अडेल. तुम्ही १३ ते १३.५ इंच घ्या. हात पुढे ठेवायला जागा पुरते, वजनही पुढे कमी पडतं.

आता नाव. या पैशांत मिडवेस्ट इंडस्ट्रीज, एअरो प्रिसिजनची ॲटलस आणि बीसीएमची एमसीएमआर बघा. तिन्हींबरोबर स्वतःचा बॅरल नट (बॅरल रायफलच्या सांगाड्याला, म्हणजे रिसीव्हरला, पकडणारा नट) येतो. गाइसलीची एमके१६ या सगळ्यांपेक्षा भक्कम. अमेरिकन लष्कराच्या स्पेशल फोर्सेसच्या यूआरजी-आय अपरवर (रायफलच्या वरच्या अर्ध्या भागावर) तिचीच १३.५ इंची आवृत्ती आहे. पण एकट्या रेलमध्येच तुमचं बजेट जवळपास संपेल. रेलवर इन्फ्रारेड लेसर लावून त्याचा झीरो (जुळवून ठेवलेला नेम) टिकवायचा असेल तरच तेवढा खर्च करा. टॉर्च आणि बायपॉडसाठी माझं मत मिडवेस्ट.

निवडताना एकच गोष्ट बारकाईने बघा: रेल बॅरल नटाला कशी पकडते. चांगल्या रेलला रिसीव्हरला दोन्ही बाजूंनी भिडणारे कान असतात, त्यामुळे ती फिरत नाही. नुसत्या दोन-तीन सेट-स्क्रूंवर बसणाऱ्या स्वस्त रेल बायपॉडवर भार टाकला की हळूहळू फिरतात, आणि त्यावर लावलेलं सगळं तिरकं होतं.

स्लॉट
एम-लॉक. मॅगपुलने ते २०१४ मध्ये आणलं आणि आता बहुतेक टॉर्च, बायपॉड थेट एम-लॉकवर बसणारे मिळतात. कीमॉड या दुसऱ्या पद्धतीची रेल फुकट मिळाली तरी घेऊ नका. अमेरिकन नौदलाच्या क्रेन इथल्या केंद्राने दोन्हींची चाचणी घेतली होती. जोडसाहित्य काढून पुन्हा लावल्यावर झीरो सरासरी किती सरकतो, तर एम-लॉकवर १.३ एमओए (एक एमओए म्हणजे १०० यार्डांवर साधारण एक इंच) आणि कीमॉडवर ४.९. पूर्ण पिकाटिनी (तो १९९५ चा लष्करी मानदंड) भक्कम आहे, पण चारही बाजूंच्या दातांनी हाताला टोचतं आणि वजन वाढतं. वरची पट्टी सलग पिकाटिनी, बाकी बाजू एम-लॉक, हे योग्य.

एम-लॉकचा टी-नट आत ९० अंश फिरून बसला का, हे रेलच्या तोंडातून टॉर्च मारून बघा. अर्धवट फिरलेला नट घट्ट लागल्यासारखा वाटतो आणि पहिल्याच धक्क्यात सुटतो. आणि दुर्बिणीचा माउंट कधीही अर्धा रिसीव्हरवर, अर्धा रेलवर लावू नका. भार आल्यावर रेल वाकते, रिसीव्हर वाकत नाही, आणि झीरो जातो.

मिस्त्रीकाम
घरी होतं, पण हत्यारं हवीत: टॉर्क रेंच, बॅरल नटाचा पाना, व्हाइस आणि बॅरल एक्स्टेन्शनमध्ये आतून बसणारा रिॲक्शन रॉड. ॲल्युमिनियमचा अपर नुसता व्हाइसमध्ये आवळलात तर तो चेपेल. हे सगळं विकत घ्यावं लागणार असेल तर गनस्मिथकडे देणं स्वस्त पडेल.

रायफल रिकामी आहे याची खात्री करून अपर वेगळा करा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. फ्रंट साइटच्या दोन्ही पिना निमुळत्या असतात. बारीक टोकावरच ठोका, उलट ठोकल्यात तर आणखी आवळतील. मग साइट आणि हँडगार्डची टोपी काढा, आणि शेवटी जुना बॅरल नट.

नव्या नटाच्या आट्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावा. ग्रॅफाइट असलेलं नको: पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्यात गंज धरतो. नट आवळा, सैल करा, असं तीनदा, मग शेवटचा टॉर्क. मूळच्या पद्धतीच्या नटाला ३० ते ८० फूट-पाउंड चालतात. रेलबरोबर आलेल्या नटाला त्याच्या कागदावरचा आकडा. पाना टॉर्क रेंचला काटकोनात लावा. सरळ रेषेत लावला तर रेंच दाखवते त्यापेक्षा जास्त जोर पडतो. मूळ पद्धतीच्या नटात गॅस ट्यूबची खाच जुळली नाही तर मागे फिरवू नका, आवळतच पुढच्या खाचेपर्यंत न्या.

आता जिथे सर्वांत जास्त रायफली बिघडतात ती जागा. जुनी साइट बॅरलच्या खांद्याला टेकलेली नव्हती, मध्ये टोपीचा पत्रा होता. नवा ब्लॉक खांद्याला टेकवून बसवलात तर त्याचं भोक बॅरलमधल्या गॅसच्या भोकापेक्षा साधारण ०.०३ इंच मागे जातं. गॅस कमी पडतो, कॅरियर (बोल्ट वाहून नेणारा भाग) पुरता मागे येत नाही, आणि रायफल पुढची गोळी उचलत नाही. तेवढ्या जाडीची फट ठेवा. सेट-स्क्रूसाठी बॅरलवर डिंपल (छोटा खड्डा) पाडून घ्या. तिथे साधा निळा थ्रेडलॉकर उष्णतेने मऊ पडतो, रॉकसेट वापरा.

टेक्सासकर
पिना काढणं नको वाटतंय. साइट ठेवूनच फ्री-फ्लोट (बॅरलला न टेकणारी रेल) मिळेल का?

बॅरलनट
मिळेल. मूळ बॅरल नट न काढता त्यावर दोन भागांत पकडणाऱ्या रेल असतात, उदाहरणार्थ सेंच्युरियन आर्म्सची सी४. पण बायपॉड मागे येणार. फ्री-फ्लोटचा मुख्य फायदा मात्र मिळतो: स्लिंगचा ताण किंवा बायपॉडचा भार बॅरलपर्यंत पोचत नाही, म्हणून गोळीची जागा बदलत नाही.

नियमावली
रेलवर सीरियल नंबर नसतो, ती थेट घरी येते. इतर वाचणाऱ्यांसाठी मात्र: एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि गोळ्या दोन्ही बाळगता येत नाहीत. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. आणि कॅलिफोर्निया, न्यू यॉर्कमध्ये पुढची उभी मूठ लावण्याआधी तिथला कायदा वाचा. तिथे ती रायफलला असॉल्ट वेपनच्या व्याख्येत ढकलू शकते.

टेक्सासकर
ठरलं. साइट काढायचीच, पिना आणि ब्लॉकचं काम गनस्मिथकडे. रेल मिडवेस्टची, १३ इंची, एम-लॉक. परत आल्यावर काय तपासू?

मिस्त्रीकाम
बोल्ट काढलेला रिकामा कॅरियर अपरमध्ये सरकवा. गॅस ट्यूबवर तो न अडखळता गेला पाहिजे. ट्यूब रेलला किंवा नटाला घासत नाही ना, हे पुढून उजेड टाकून बघा. रिसीव्हर आणि रेलच्या वरच्या पट्ट्या एका रेषेत असाव्यात. रेंजवर मॅगझिनमध्ये एकच गोळी भरून झाडा, पाच वेळा तसं करा: दर वेळी बोल्ट मागे अडकून राहिला तर गॅस पुरेसा आहे. रेलच्या स्क्रूंवर रंगाची रेघ ओढून ठेवा. शंभरेक गोळ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली तर तो स्क्रू काढून, साफ करून, कागदावरच्या टॉर्कला पुन्हा लावा.