अनुभव धागा: सीडी रिप करताना दोन ट्रॅकमधल्या गॅपचं तुम्ही काय केलंत?

जुना_ठेका
दिवाळीत माळा आवरताना सीड्यांची दोन खोकी निघाली. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, म्हणून यूएसबीवाला बाहेरचा आणला आणि रोज रात्री दोन-तीन सीड्या उतरवायला बसलो. एकच गोष्ट खटकते. ख्यालाच्या सीडीत विलंबित एका ट्रॅकवर, द्रुत पुढच्यावर. सीडी प्लेअरवर तानपुरा अखंड चालू असतो, ट्रॅक बदलला हे फक्त आकड्यावरून कळतं. तेच एमपी3 करून फोनवर लावलं की विलंबित समेवर येतं आणि द्रुताचा उठाव व्हायच्या आत तानपुऱ्याला उचकी लागते. जेमतेम क्षणभर, पण सगळा माहोल जातो. तुम्ही हे कसं निस्तरलंत? फसलेले प्रयोगही लिहा, तेच जास्त कामाचे.

फ्लॅकवाला
उचकी सीडीतली नाही, एमपी3ची आहे. एमपी3 आवाज 1152 नमुन्यांच्या (म्हणजे आवाजाच्या क्षणाक्षणाच्या मोजमापांच्या) घासांत खातं, म्हणजे साधारण 26 मिलिसेकंदांचा एक घास. ट्रॅक नेमका घासाच्या हिशेबात संपत नाही, मग शेपटीला शांतता जोडली जाते. शिवाय एन्कोडर, म्हणजे एमपी3 बनवणारा प्रोग्रॅम, सुरुवातीला थोडी पदरची घालतो ती वेगळीच. लेम एन्कोडर किती घातली याची नोंद फाइलीत ठेवतो. ती वाचणारा प्लेअर असेल तर सांधा कळतही नाही. माझ्या गाडीतला डबा वाचत नाही. म्हणून घरी सगळं फ्लॅकमध्ये (हा फॉरमॅट आवाज जसाच्या तसा ठेवतो, पदरची शांतता घालत नाही), आणि गाडीसाठी अख्खा राग एकाच फाइलीत. पुढच्या बंदिशीवर उडी मारता येत नाही, पण ख्याल ऐकताना उडी मारायचीच कशाला?

ओसरी
माझी गोष्ट जरा लांब आहे. वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेट होत्या. 2004 मध्ये एका दुकानदाराकडून त्यांच्या सीड्या करून घेतल्या. त्याने दर पाच मिनिटांनी ट्रॅक पाडला, का ते त्यालाच ठाऊक, आणि प्रत्येक ट्रॅकमध्ये दोन सेकंद शांतता. अभंगाचं अर्धं चरण, शांतता, मग उरलेलं अर्धं. आई म्हणायची, "यांना मध्येच ठसका लागल्यासारखं वाटतं." कॅसेट तोवर बुरशीने गेल्या होत्या, त्यामुळे सीडी हीच मूळ प्रत.

भाच्याने सांगितलं की हे ट्रॅक-ॲट-वन्स पद्धतीने बर्न केलेलं असणार. त्यात लेसर प्रत्येक ट्रॅकनंतर थांबतो आणि दोन सेकंदांची गॅप पडते. डिस्क-ॲट-वन्स निवडलं असतं तर सलग झालं असतं. मी सगळे ट्रॅक वेव्हमध्ये (आवाज न दाबता ठेवणाऱ्या फाइलीत) उतरवले, ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या प्रोग्रॅममध्ये एकापुढे एक ठेवले आणि शांतता कापत गेले. बावीस सांधे. तरीही प्रत्येक सांध्यावर बारीकशी "टिक" उरलीच. आठवडाभर मला वाटत होतं माझाच हात चुकतोय.

शेवटी पडद्यावरची आवाजाची लाट पार मोठी करून पाहिली तेव्हा उलगडलं. कॅसेटची शांतता कधी खरी शांत नसते, तिची खरखर गवतासारखी हलत असते. पण टिकच्या जागी रेघ एकदम सपाट होती, म्हणजे ती टेपवरून आलेलीच नव्हती. सपाट तेवढं सगळं कापलं, दोन्हीकडची गवतं एकमेकांना भिडली आणि टिक गेली. एकवीस सांधे जुळले. एक नाही. तिथे दुकानदाराने टेप थांबवून बाजू बदलली असावी, एक शब्द कायमचा गेला आहे. तिथे मी एक सेकंद तशीच ठेवली.

फ्लॅकवाला
ओसरीताई, ती सपाट रेघ कुठून आली ते सांगतो. सीडीवर आवाज 588 नमुन्यांच्या तुकड्यांत बसतो, सेकंदाला 75 तुकडे. ट्रॅक तुकड्याच्या मध्येच संपला की उरलेली जागा शून्यांनी भरली जाते. म्हणून सीडीवर घालण्यासाठी वेव्ह कापायची असेल तर तुकड्याच्या हद्दीवरच कापावी.

एडिसनहून
मैफलीच्या रेकॉर्डिंगच्या सीड्यांत उलटा त्रास होतो. तिथे गॅप रिकामी नसतेच, टाळ्या, तबला लावणं, "आता पुढचा राग" हे सगळं तिच्यात असतं. जुन्या प्लेअरवर तेवढ्यात आकडे उणे होऊन उलटे मोजले जायचे, आठवतं? क्यू फाइलीत (कोणता ट्रॅक सीडीवर कुठे सुरू होतो याची यादी) इंडेक्स 00 म्हणजे गॅपची सुरुवात आणि इंडेक्स 01 म्हणजे ट्रॅकची. एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा सीडी उतरवणारा प्रोग्रॅम डिफॉल्टने ती गॅप आधीच्या ट्रॅकच्या शेपटीला जोडते. सलग ऐकताना काही बिघडत नाही. शफलवर मात्र निवेदक मारवा जाहीर करतो आणि सुरू होते भैरवी.

मग मी अख्खी सीडी एका फाइलीत घेऊन क्यूवरून स्वतः कापायला गेलो, आणि सगळे काप किंचित चुकले. 03:20:60 मधले शेवटचे 60 मी शतांश सेकंद धरले होते. ते तुकडे असतात, 75 पैकी 60, म्हणजे 0.80 सेकंद. फरक एक पंचमांश सेकंदाचा, पण तबल्याची शेवटची थाप पुढच्या फाइलीत जायला तेवढा पुरतो. चौदा सीड्या झाल्यावर लक्षात आलं.

पडदा_उघडा
शांतता ओळखून आपोआप ट्रॅक पाडणारं साधन कथाकथनाच्या सीडीवर वापरून पाहा. वक्ता पॉज घेतो, ट्रॅक बदलतो. विनोद सतराव्यात, हशा अठराव्यात.

मंद्र
आणि तेच साधन ख्यालावर लावलं तर एकही काप पडत नाही. तानपुरा गप्प बसेल तर ना!

जुना_ठेका
फ्लॅकवाल्यांचं ऐकून विलंबित आणि द्रुत फ्लॅकमध्ये पुन्हा उतरवलं. त्याच फोनवर, त्याच इअरफोनवर. उचकी नाही. एमपी3 केलेल्या चाळीस सीड्या आता परत ड्राइव्हमध्ये जाणार. ओसरीताई, कीर्तन अपलोड करू नका हवं तर, पण आईंना ऐकवलंत का?

ओसरी
ऐकवलं. तो एक सेकंद आला तेव्हा गेलेला शब्द तिनेच म्हटला.