डोंगरात तुटलेला राज्यमार्ग १६८

प्रश्न: कॅलिफोर्नियाच्या नकाशात राज्यमार्ग १६८ सिएरा नेवाडा पर्वताच्या दोन्ही अंगांना दिसतो, परंतु मधला भाग कोठेच सापडत नाही. एकाच क्रमांकाचे असे दोन तुकडे कशामुळे राहिले?

प्रतिसाद १: पश्चिमेकडील तुकडा फ्रेस्नोहून चढत जाऊन हंटिंग्टन सरोवरापाशी थांबतो, तर पूर्वेकडील तुकडा सॅब्रिना सरोवराजवळ सुरू होऊन बिशप गावात उतरतो व पुढे नेवाडाच्या सीमेच्या दिशेने जातो. क्रमांक प्रत्यक्ष डांबराला नव्हे, तर आखणीला मिळालेला असल्यामुळे रस्ता न होताही तो टिकून राहिला. मधला कणा सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीचा आहे, आणि १९६४ च्या कायद्याने तेथील जॉन म्यूर वन्यप्रदेशाला संरक्षण मिळाल्यावर, माझ्या मते, जोडरस्त्याचा विषयच मिटला.

प्रतिसाद २: राज्यमार्ग १९० हाही असाच सिएरापाशी तुटलेला आहे. राज्यमार्ग ३९ चे प्रकरण मात्र निराळे आहे, कारण सॅन गॅब्रिएल पर्वतातील त्याचा वरचा टप्पा बांधून झाला होता. १९७८ मध्ये दरडी कोसळल्यापासून तो सार्वजनिक वाहतुकीस बंद आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग पर्वत ओलांडायचा कोठून?

प्रतिसाद १: उत्तरेकडील टायोगा खिंडीतून, उंची ३,०३१ मीटर. हा रस्ता मुळात चांदीच्या खाणीसाठी १८८३ मध्ये तयार झाला, म्हणजे सरकारच्या आधी खाणवाले पोहोचले होते! हिवाळ्यात मात्र बर्फामुळे तो बंद असतो.