'नरकडुक्कर' की 'नरकवराह'?

विचारणा: एका लेखाचं भाषांतर करतेय. त्यात खांद्यापाशीच माणसाएवढा उंच, जबड्याला गाठी असलेला एक नामशेष प्राणी आहे, टोपणनाव 'हेल पिग'. मी 'नरकडुक्कर' लिहिलं, संपादकांनी 'नरकवराह' केलं. कोणता शब्द बरा? शिवाय 'जीवाश्म डुकरं' चालेल ना?

प्रतिसाद: 'डुकरांचे जीवाश्म' लिहा. 'जीवाश्म इंधन' रुळलं म्हणून जीवाश्म हा शब्द कशालाही चिकटवायचा नाही. 'वराह' म्हटलं की दातांवर पृथ्वी दिसायला लागते, तेव्हा तोही नको.

प्रतिसाद: वराहाचं सोडा, पण मुळात तो प्राणी डुक्कर आहे का? तो ज्या नामशेष गटातला, त्या एन्टेलोडॉन्टांना हल्ली पाणघोडा आणि देवमासा यांच्या बाजूला ठेवतात. डुकरांचं वराहकुल वेगळं.

याहून गमतीचं नाव आपल्याकडचं आहे. जम्मूतल्या राजौरी जिल्ह्यात कालाकोटला भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांना जबडे आणि दात मिळाले. 1971 मध्ये त्यांनी नाव दिलं 'इंडोहायस', म्हणजे भारतातलं डुक्कर. प्राणी जेमतेम मांजराएवढा, काळ सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचा. त्यांनी जमवलेले दगड पुढे अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ थेविसन यांच्याकडे गेले. तिथे साफसफाई करताना एक कवटी फुटली आणि कानाचं हाड उघडं पडलं. त्याची आतली कड जाडजूड होती, अगदी देवमाशासारखी. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं. म्हणजे 'डुक्कर' निघालं देवमाशाचं चुलत भावंड!

विचारणा: मग दात डुकरासारखे कसे?

प्रतिसाद: समखुरी, म्हणजे गाय, हरीण, डुक्कर अशा जोडखुरांच्या प्राण्यांचा पसारा साडेपाच कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला, तेव्हाच्या सशाएवढ्या प्राण्यांच्या दाढांवर बुटके, गोलसर उंचवटे होते. गायी-हरणांच्या पूर्वजांत पुढे त्यांच्या चंद्रकोरी झाल्या, डुकरांनी जुनाच साचा बराचसा ठेवला. त्यामुळे डुकरासारखी दाढ दिसली तर एवढंच कळतं की ती जुन्या वळणाची आहे, नातं नाही कळत. नात्यासाठी घोटा बघा. घोट्याच्या हाडाला वर आणि खाली अशा दोन्हीकडे रहाटाच्या चाकासारखी खोबण असली की प्राणी समखुरी. पाकिस्तानात सापडलेल्या पाय असलेल्या देवमाशांचा घोटाही तसाच निघाला.

दाढेवर भरवसा ठेवून अमेरिकेतले जीवाश्मतज्ज्ञ ऑस्बोर्नसाहेबही फसले. 1922 मध्ये नेब्रास्कातल्या एका दाढेवरून त्यांनी अमेरिकेत एप, म्हणजे माणसासारखा बिनशेपटीचा वानर, जाहीर केला. 1927 मध्ये ती दाढ पेकरी या अमेरिकेतल्या डुकरासारख्या प्राण्याची ठरली, आणि पेकरीसुद्धा खरं डुक्कर नव्हे, शेजारच्या कुळातली.

प्रतिसाद: आपल्या शब्दांनीही काही कमी घोळ घातलेला नाही. देवमासा मासा नाही, पाणघोडा घोडा नाही, आणि हे दोघे एकमेकांचे सख्खे. डुक्कर त्यांना त्यामानाने लांबचं.

विचारणा: तर मग 'नरकडुक्कर' अवतरणात ठेवते, आणि पहिल्या उल्लेखाला 'नावापुरतंच डुक्कर' एवढं जोडते. 'वराह' काढायला संपादकांना कसं पटवायचं, ते मात्र मलाच बघावं लागणार.