ग्रामपंचायतीचे जुने संगणक लिनक्सवर नेता येतील का?

तापीकाठ (यावल तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रामपंचायतीत चार संगणक असून चारही विंडोज १० वर चालतात. मायक्रोसॉफ्टने या प्रणालीची नेहमीची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. त्यांपैकी तीन यंत्रांचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अटीत बसत नाहीत, म्हणून पुरवठादाराने नव्या यंत्रांचे दरपत्रक पाठवले. मासिक सभेत ते वाचून दाखवताच एका सदस्याने विचारले की, केरळातल्या सरकारी शाळा इतकी वर्षे लिनक्स या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीवर चालत असतील, तर आपण धडधाकट यंत्रे भंगारात का काढायची? प्रश्न रास्त होता, आणि उत्तर कोणाकडेच नव्हते.

मी तंत्रज्ञ नाही, पंचायतीचा सदस्य आहे. मार्चअखेरची घरपट्टी वसुली तोंडावर असताना नमुना ८ ची (घरपट्टी आकारणीची) नोंदवही उघडली नाही, तर गाव मलाच जाब विचारेल. म्हणून सरकारी कामात हा बदल कोणी केला, कुठे टिकला आणि कुठे फसला, हे जाणकारांनी सांगावे.

पांझराकाठ (धुळे)

भाऊ, आपल्या शेजारचेच उदाहरण आधी देतो. जिल्हा न्यायालयांत खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस ही प्रणाली एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक-सेवा संस्थेच्या पुण्यातील केंद्राने मुक्त स्रोत साधनांवर उभारली आहे, म्हणजे लिनक्ससारख्या, ज्यांची आतली रचना कोणालाही पाहता व बदलता येते अशा साधनांवर. त्यामुळे सरकारी काम लिनक्सवर चालेल का, हा प्रश्न आता जुना झाला. खरा प्रश्न क्रमाचा आहे.

जर्मनीतील म्युनिक शहराने २००३ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी लिनक्सचा निर्णय घेतला आणि २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक बदलले. तरीही २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. त्यात राजकारण होते हे खरे, पण बाहेरच्या कार्यालयांतून येणाऱ्या फायली नीट न उघडण्याची आणि विंडोजसाठीच लिहिलेल्या प्रणालींची तक्रार तिथे शेवटपर्यंत मिटली नाही. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने उलट वाट धरली. त्यांनी २००५ मध्ये आधी फक्त ओपनऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखे मोफत साधन आणले, मग फायरफॉक्स हा ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड आणले. शिपायांचा हात या साधनांवर बसल्यावर, २००८ पासून, त्याखालची विंडोज काढून उबुंटू हा लिनक्सचा प्रकार बसवायला सुरुवात केली. रोजची साधने तीच राहिल्यामुळे खालची प्रणाली बदलल्याचा त्रास फारसा झाला नाही. केरळने २००१ मध्ये सुरू केलेल्या आयटी@स्कूल प्रकल्पात तर शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले, त्यामुळे यंत्र अडले की कंपनीच्या माणसाची वाट पाहावी लागत नसे. माझ्या मते केरळच्या यशात लिनक्सपेक्षा या शिक्षकांचा वाटा मोठा आहे.

केंद्र सरकारचे २०१५ चे धोरणही आपल्या सभेत वाचण्यासारखे आहे. ई-प्रशासनाच्या प्रणालींत मुक्त स्रोताला प्राधान्य द्यावे आणि तो पर्याय वगळणाऱ्या पुरवठादाराने त्याचे कारण द्यावे, असे त्यात म्हटले आहे. हे धोरण राज्यांवर बंधनकारक नाही, परंतु दरपत्रक देणाऱ्याला तोच प्रश्न विचारायला कोणाची हरकत असणार?

सातपुडा_पायथा (नंदुरबार)

वरील मांडणी पटते, पण मी रोज दाखले काढणारा माणूस आहे. ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशेबाच्या सरकारी संकेतस्थळावर देयक काढताना सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) या दोघांच्या डिजिटल स्वाक्षऱ्या लागतात. संकेतस्थळ कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. अडते ते यूएसबी टोकनपाशी, म्हणजे डिजिटल स्वाक्षरी साठवलेल्या, संगणकाला लावायच्या छोट्या उपकरणापाशी. मी एका जुन्या यंत्रावर लिनक्स घालून पाहिले, तेव्हा टोकन ओळखले गेले, मात्र स्वाक्षरी करणारी छोटी प्रणाली काही केल्या चालली नाही आणि मजुरीची देयके दोन दिवस रखडली. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने तर लिनक्स पाहून हात वर केले. म्हणून टोकनचे यंत्र आहे तसेच राहू द्या, नाहीतर तेवढे एक नवे घ्या. चारही एकदम बदलण्याचे धाडस मी करणार नाही.

टंकलेखक (भुसावळ)

आपण सर्व जण यंत्राबद्दल बोलत आहात, मला काळजी अक्षरांची वाटते. तापीकाठ, आपले जुने ठराव कोणत्या फॉन्टमध्ये आहेत, ते आधी पाहा. युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) रुळण्यापूर्वीच्या फायलींत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. तो फॉन्ट नसेल तर लिबरऑफिस हे ओपनऑफिससारखे मोफत साधनच काय, नव्या वर्डमध्येही ठरावाऐवजी गिचमिड दिसेल. म्हणजे आपण अडकलो आहोत ते विंडोजमध्ये कमी आणि त्या फॉन्टमध्ये जास्त.

त्या फायली आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. रूपांतर करणारी साधने मिळतात, पण रफार आणि पहिली वेलांटी हमखास जागा चुकतात. ‘वर्मा’चा ‘वमा’ झाला तर नमुना ८ मधल्या मिळकतीचा मालकच बदलल्यासारखे होईल. म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून नावे माणसानेच तपासावीत. तपासलेली प्रत ओडीएफ या खुल्या फाइल-स्वरूपात जपावी. हे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक आहे आणि त्याची रचना जाहीर असल्याने उद्या कोणतीही प्रणाली ते वाचू शकेल. टंकनासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे सारखाच चालतो. जुन्या टंकयंत्राच्या रेमिंग्टन कळफलकावर हात बसलेल्यांना मात्र महिनाभर चिडचिड सोसावी लागेल, हे अनुभवाने सांगतो.

तापीकाठ (यावल तालुका)

सर्वांचे आभार. आज कार्यालयात जाऊन पाहिले: २०११ पूर्वीचे ठराव जुन्या फॉन्टमध्येच आहेत, आणि तो फॉन्ट चारपैकी एकाच यंत्रावर उरला आहे. ते यंत्र नेमके भंगाराच्या यादीत पहिले होते. ते यादीतून काढायला सांगितले असून, वॉर्ड क्रमांक १ च्या नमुना ८ पासून रूपांतर सुरू करतो आणि सध्या विंडोजवरच लिबरऑफिस घेतो. टंकलेखक, नावे तपासताना एका माणसाकडून दिवसाला साधारण किती पाने होतात?

टंकलेखक (भुसावळ)

सवय झाल्यावर तीस. पहिल्या आठवड्यात दहाच धरा, आणि दोघांना बसवा: एकाने वाचायचे, दुसऱ्याने पाहायचे.