इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर आणि इंजिनाचा आवाज कशाला हवा?

सरळसोट
ह्युंदाईच्या आयॉनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत गिअरबॉक्स नाही, पण बटण दाबलं की ती आठ गिअर असल्याचं सोंग करते. स्टिअरिंगमागचं पॅडल ओढलं की मोटरचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) क्षणभर कापला जातो, गाडी हिसका देते आणि स्पीकरमधून पेट्रोल इंजिन गुरगुरतं. वेळेवर वरचा गिअर टाकला नाही, तर रेव्ह लिमिटर (इंजिनाच्या फेऱ्या मर्यादेबाहेर जाऊ न देणारी सोय) लागल्यासारखी अडूनही बसते! टोयोटाने तर खोट्या क्लचसकट प्रयोग केलाय.
पेट्रोल इंजिनाला गिअर लागतात ते नाइलाजाने. आरपीएम (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) फार खाली गेले की ते बंद पडतं आणि त्याचा खरा जोर ठरावीक पट्ट्यातच मिळतो. मोटरला शून्यापासून पूर्ण टॉर्क असतो, म्हणून बहुतेक गाड्यांत तिचं फेऱ्या कमी करून जोर वाढवणाऱ्या एकाच रिडक्शन गिअरवर भागतं. जी अडचण गेली तिची नक्कल करायची आणि त्यासाठी वेग घालवायचा, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

तिसरागिअर
असहमत. तुम्ही फक्त वेगाचा हिशोब मांडलाय. वळणावर वेगाने शिरताना डोळे रस्त्यावर असतात, स्पीडोमीटरवर नाही. तेव्हा वेग कळतो तो कानाने. इंजिनाचा सूर चढला-उतरला की मान न वळवता अंदाज येतो. मोटरच्या बारीक शिट्टीतून तेवढं उमगत नाही. शिवाय त्या गाडीत खालचा गिअर टाकला की रीजन (मोटरनेच गाडी मंदावून वीज बॅटरीत परत भरणं) वाढतं आणि इंजिन ब्रेकिंगसारखा रोध मिळतो. म्हणजे पॅडलला काम आहे, ते नुसतं खेळणं नाही. आणि नको असेल तर बंद करा, सक्ती कुठे आहे?

सरळसोट
रीजनसाठी पॅडल असायला माझी ना नाही. पुष्कळ इलेक्ट्रिक गाड्यांत तशी पॅडल आहेतच, तीही आठ गिअरचं नाटक न करता. आवाजातून वेग कळायला हवा हेही मान्य. मग मोटरच्या फिरण्याशी जुळलेला तिचा स्वतःचा सूर द्या ना. इंजिनातल्या स्फोटांची नक्कल कशाला?

धूरधारी
पेट्रोलवाले तरी कुठे सोवळे राहिलेत? २०११ च्या बीएमडब्ल्यू एम५ मध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून वाढवून ऐकवायचे. फोक्सवॅगनच्या काही गाड्यांत काचेजवळ एक यंत्र बसवलेलं असतं, ते गाडीचा पत्राच थरथरवून आवाज भारदस्त करतं. सीव्हीटी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला पायऱ्या नसतात, तरी सॉफ्टवेअरने 'गिअर' पाडतात, कारण एकाच सुरात रेकणारं इंजिन लोकांना सोसवेना. सोंग जुनंच आहे, आता इंजिन काढून टाकल्यामुळे उघडं पडलं इतकंच.

पायीचाललेला
आवाजाशिवाय गाडी मागून आली तर आम्ही मरायचं का? मी आवाजाच्या बाजूने.

सरळसोट
दोन गोष्टींची गल्लत होतेय. पादचाऱ्यांसाठीचा इशारा वेगळा, त्याला माझा पूर्ण पाठिंबा. युरोपात जुलै २०२१ पासून प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीला ताशी २० किलोमीटरपर्यंत आणि रिव्हर्समध्ये तो सक्तीचा आहे. त्यापुढे टायरचाच आवाज पुरतो. मी बोलतोय ते चालकाच्या हौसेबद्दल.

झोपमोड
हौस आत राहिली तर कोणाची हरकत असणार? डॉजने २०२२ मध्ये चार्जर डेटोनाची संकल्पना गाडी दाखवली, तेव्हा बाहेर पडणाऱ्या आवाजासाठी १२६ डेसिबलचा दावा केला होता. सायलेन्सर काढून फिरणाऱ्यांचा त्रास आता कारखान्यातूनच बसवून मिळणार! इलेक्ट्रिक गाडीने रस्त्याला दिलेली सर्वांत मोठी भेट शांतता, आणि तीच विकायची? आतल्या स्पीकरचं काय ते तुम्ही दोघं भांडून ठरवा. बाहेरच्यावर मात्र कायद्याने मर्यादा हवी.

तिसरागिअर
झोपमोड यांच्याशी सहमत, बाहेरचा आवाज नकोच. पण सरळसोट, तुमच्या 'मोटरचा स्वतःचा सूर' या सूचनेत गोम आहे. आयॉनिक ५ एन मध्येच जेट विमानासारखा एक आवाज निवडता येतो, तो पेट्रोल इंजिनाचा नाही. तो मोटरचाही नाही. स्पीकरमधून येणारा कुठलाही सूर रचलेलाच असणार. मग फक्त इंजिनाचाच तेवढा खोटा का?

सरळसोट
कारण त्या जेटच्या आवाजासाठी टॉर्क कापावा लागत नाही. माझा राग हिसक्यावर आहे. पोर्शे टायकनच्या मागच्या ॲक्सलला खरोखरच दोन गिअर आहेत, एक सुसाट सुटण्यासाठी, दुसरा चढ्या वेगासाठी. असा गिअर द्या, मी आनंदाने बदलेन.

धूरधारी
तो तर ती गाडी आपला आपणच बदलते. तुमच्या हातात काय राहिलं?