मदत हवी आहे: दशांश चिन्हानंतरच्या अंकांची स्थानिक किंमत

नमस्कार. यवतमाळकडच्या खेड्यात सहावीला गणित शिकवतो. पोरं ०.३५ ला ०.४ पेक्षा मोठं म्हणतात, कारण ३५ हे ४ पेक्षा मोठे. चिन्हानंतरचा भाग ती वेगळी पूर्ण संख्या समजून वाचतात.

बहुतेक घरं कास्तकारांची, म्हणून कापसाच्या काटापट्टीवरून (वजनाच्या पावतीवरून) सुरुवात केली. १२.४५ क्विंटल म्हणजे १२ क्विंटल ४५ किलो, हे लगेच पटलं. पण १२.५ लिहिलं की उत्तर येतं '१२ क्विंटल ५ किलो'. खरं तर ते ५० किलो. ५ किलो असते तर १२.०५ लिहिलं असतं. रुपये-पैशांतही हेच होतं. मला वाटतं, या दोन्ही उदाहरणांत शंभराचा हिशेब थेट येतो आणि दशांशाचं घर मधल्या मध्ये गायब होतं.

शंभर चौकटींचा कागदही रंगवून घेतला. कागद समोर असेपर्यंत दहा-दहा चौकटींच्या ४ पट्ट्या ३५ चौकटींपेक्षा जास्त दिसतात. वहीत पुन्हा तीच चूक. शेवटी शून्य जोडून ०.४० करा, असं सांगितलं की उत्तर बरोबर येतं, पण ते का चालतं हे कुणालाच सांगता येत नाही. ती युक्ती पाठ करून द्यायची नाही.

पाचवी ते सातवी एकाच खोलीत बसतात, प्रोजेक्टर नाही. मोजपट्ट्या, सुतळी, काड्या भरपूर आहेत.

शतांशाकडे न जाता आधी फक्त दशांशच पक्का करायचा तर कोणती कृती घ्यावी? आणि तिथून ०.३५ मधला ५ हा दशांशाचेच दहा भाग केल्यावर येतो, हे त्याच साहित्याने कसं दाखवावं?